फोमचे काळे चिलखत घरी कसे घडवावे: छातीचे कवच, शिंगांचे शिरस्त्राण आणि तलवार

हॅलोविनच्या रात्रीसाठी किंवा कॉस्प्लेच्या, म्हणजे चित्रपटांतल्या-खेळांतल्या पात्रांचे वेश करून जमण्याच्या, मेळाव्यासाठी योद्ध्याचा वेश करायचा असेल, तर विकत आणलेल्या पातळ कापडी पोशाखापेक्षा घरी फोममधून घडवलेले कवच कितीतरी सरस ठरते, कारण ते अंगाच्या मापाचे असते, वजनाला हलके असते आणि फाटले तर ज्याने बनवले त्यालाच ते दुरुस्त करता येते. या लेखात एका काळ्या, शिंगवाल्या योद्ध्याचा संच बनवण्याची कृती दिली आहे. हा योद्धा मुद्दाम कोणत्याही चित्रपटातला किंवा खेळातला घेतलेला नाही. कृती एकदा हातात बसली की तिच्या आधारे कोणत्याही पात्राचे चिलखत करता येते. नवशिक्याने चार-पाच आठवड्यांचे शनिवार-रविवार हाताशी ठेवावेत आणि त्यातला निम्मा वेळ मापे घेण्यात व कागदावर बेतण्यात गेला, तर तो वाया गेला असे मुळीच समजू नये. रंग कितीही देखणा असला तरी काखेत रुतणारे कवच कोणी तासाभरापेक्षा जास्त अंगावर ठेवत नाही, आणि चिलखताची खरी परीक्षा ते घालून बसता, वाकता आणि जिना चढता येतो की नाही यातच होते.

सामान

मुख्य साहित्य म्हणजे ईव्हीए फोम, अर्थात एथिलीन व्हिनाइल ॲसिटेटचा फोम. चपलांचे तळवे आणि लहान मुलांच्या खोलीत जमिनीवर एकमेकांत अडकवतात त्या मऊ चटया याच फोमच्या असतात. मुंबईत चेंबूर-कुर्ल्याजवळच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत पादत्राणे बनवणाऱ्यांची मोठी वस्ती असल्याने तेथे चपलांच्या सामानाच्या दुकानांत अशा शीटची चौकशी करावी. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हत्यारे, पट्टे, बक्कल आणि इतर किरकोळ सामान एकाच फेरीत मिळते. शीट घेताना अंगठ्याने जोरात दाबून पाहावी. खळगा लगेच भरून आला तर फोम घट्ट आहे; खळगा तसाच राहिला किंवा बोट सहज आत गेले तर तो फोम पॅकिंगचा असून कवचाच्या कामाचा नाही. छाती, पाठ, मनगट आणि शिरस्त्राण यांसाठी ६ मिमी जाडी योग्य असते, खांद्याच्या भागांना आणि तलवारीला १० मिमी, तर कडेच्या उठावदार पट्ट्यांना आणि नक्षीला २ किंवा ३ मिमी पुरते. जमिनीच्या चटया वापरायच्या असतील तर खरखरीत बाजू आत आणि गुळगुळीत बाजू बाहेर ठेवावी.

गोंदाच्या बाबतीत काटकसर करू नये. सोफ्याचे रेक्झिन आणि फोम चिकटवण्यासाठी कारागीर जो पिवळसर, उग्र वासाचा रबरी गोंद वापरतात तोच येथे लागतो. फेव्हिकॉल एसआर ९९८ हा त्यातला सर्वत्र मिळणारा प्रकार आहे. हॉट ग्लू, म्हणजे वितळवून लावायचा गोंद, झटपट चिकटतो, पण त्याचे सांधे जाडजूड दिसतात आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते मऊ पडून उघडतात, म्हणून त्याचा उपयोग आतल्या बाजूच्या किरकोळ कामापुरताच ठेवावा. याशिवाय मोठ्या पात्याचा कटर व भरपूर जादा पाती, स्टीलची पट्टी, हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र), बारीक आणि मध्यम पॉलिश पेपर, मास्किंग टेप, स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म आणि जुना टी-शर्ट एवढे सामान जमवावे.

रबरी गोंदाची वाफ डोक्याला आणि फुप्फुसांना अपायकारक असते आणि ती पेटही घेते. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क ही वाफ अडवत नाही. त्यासाठी रासायनिक वाफा शोषणारे कार्ट्रिज असलेला मास्कच लागतो. काम गच्चीत किंवा समोरासमोरच्या खिडक्या उघडून करावे, आणि गोंदाचा डबा उघडा असताना हीट गन, गॅस किंवा देवघरातला दिवा यांपैकी काहीही त्या खोलीत पेटते ठेवू नये.

अंगावरून साचा उतरवणे

फितीने घेतलेली मापे शिंप्याला पुरतात, कारण कापड अंगाबरोबर वळते. फोम तसा वळत नाही, म्हणून शरीराची गोलाई कागदावर उतरवून घ्यावी लागते. त्यासाठी वेशाच्या आत जे कपडे घालायचे आहेत तेच घालून, त्यांवर जुना टी-शर्ट चढवावा आणि धडाभोवती प्लास्टिकची फिल्म सैलसर गुंडाळावी. नंतर मदतनीसाने मास्किंग टेपचे छोटे छोटे तुकडे आडवे-उभे लावत दोन थर द्यावेत. लांब पट्ट्या करकचून ओढल्या तर छाती आवळली जाते आणि साचा लहान पडतो. म्हणून टेप लावत असताना मधूनमधून पूर्ण श्वास भरून घ्यावा. हे काम एकट्याने करू नये.

टेपचा थर पूर्ण झाल्यावर त्यावर स्केच पेनने कवचाच्या रेषा काढाव्यात. आधी गळ्यापासून बेंबीपर्यंत मधली उभी रेषा, मग गळा, काखेचा घेर आणि कमरेची कड. काखेची कड हात पुढे घेऊन, समोर टाळी वाजवल्यासारखा धरून आखावी, कारण हात खाली सोडून आखलेली कड नेहमी पुढे येते आणि हात हलवताना टोचते. खालची कड बरगड्या संपतात तेथेच थांबवावी. ती कमरेच्या खाली नेली तर बसताना कवच हनुवटीकडे सरकते. सगळ्या रेषांना आडवे छेद देणाऱ्या छोट्या खुणा दर चार-पाच सेंमीवर कराव्यात आणि प्रत्येक तुकड्यावर डावा-उजवा, वर-खाली असे लिहून ठेवावे. या खुणांच्या आधारेच पुढे दोन कडा नेमक्या जुळवता येतात.

आता बोथट टोकाच्या कात्रीने पाठीमागून साचा कापून काढावा. मधल्या रेषेवर तो दोन भागांत विभागला की दोन्ही अर्धे सारखे नसल्याचे दिसते, कारण कोणाचेही शरीर दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखे नसते. त्यातला चांगला उतरलेला अर्धा निवडावा आणि तोच उलटून दुसऱ्या बाजूसाठी वापरावा. तो टेबलावर ठेवून दाबला असता जेथे उठून राहतो तेथे कडेपासून आत एक चीर द्यावी. चीर उघडून जी पाचर तयार होते तीच फोममधली टक. छातीखाली आणि खांद्याच्या माथ्यावर अशा चिरा हमखास लागतात. सपाट झालेला साचा पुठ्ठ्यावर गिरवून कापावा, टेपने जोडून अंगावर लावून पाहावा आणि तो बसेपर्यंत फोमला हात लावू नये. पुठ्ठा रद्दीच्या भावात मिळतो. फोम तसा मिळत नाही.

येथे जाडीचा हिशेब समजून घेणे आवश्यक आहे. सपाट शीट वाकवली की तिची आतली बाजू आक्रसते, बाहेरची ताणली जाते आणि मधला थर तेवढा मूळ लांबीचा राहतो. म्हणून गोल भागासाठी कापायच्या पट्टीची लांबी आतल्या घेरापेक्षा जाडीच्या ३.१४ पट जास्त घ्यावी लागते. ६ मिमी फोमसाठी ही वाढ सुमारे १९ मिमी, म्हणजे जवळजवळ २ सेंमी येते. मनगटाच्या कवचाला एवढी वाढ दिली नाही तर ते बंद होत नाही.

कापणे, तापवणे, जोडणे

फोम कापताना पाते नवे असले पाहिजे. बोथट पाते फोम कापण्याऐवजी ओढते आणि कड दातेरी होते. पाते अडखळू लागताच त्याचे टोक मोडून नवे काढावे. एका दमात आरपार कापण्यापेक्षा तीन हलक्या फेऱ्यांत कापावे आणि पाते शीटला काटकोनात धरावे. जेथे दोन तुकडे कोनात जोडायचे आहेत, जसे छातीच्या मध्यावरचा उभा कणा, तेथे कडा तिरप्या कापाव्या लागतात. ९० अंशांचा कोपरा हवा असेल तर दोन्ही कडा ४५ अंशांत कापाव्यात. वाया गेलेल्या तुकड्यांवर याचा सराव भरपूर करून घ्यावा, कारण सांध्याची सफाई येथेच ठरते.

जोडण्याआधी प्रत्येक तुकडा तापवून घ्यावा. हीट गन कमी तापमानावर, १० ते १५ सेंमी अंतरावरून सतत फिरती ठेवावी. पृष्ठभागावरची छिद्रे मिटू लागली की त्यावर हलकीशी चमक येते. ती दिसताच पुढे सरकावे. बुडबुडे आले तर तो भाग जास्त तापला असे समजावे. गरम फोम मांडीवर, उशीवर किंवा पातेल्याच्या पाठीवर दाबून, तो गार होईपर्यंत धरून ठेवला की वळण कायम राहते. हातात जाड मोजे घालावेत. पृष्ठभागावर पत्र्यांच्या जोडरेषा हव्या असतील तर तापवण्यापूर्वी कटरने निम्म्या जाडीपर्यंत चीर द्यावी. उष्णता लागताच ती आपोआप उघडते आणि स्वच्छ खाच तयार होते. जुन्या, लढाईत वापरलेल्या धातूचा खडबडीतपणा आणण्यासाठी ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा गरम फोमवर दाबून फिरवावा.

गोंद दोन्ही कडांना पातळ लावावा. कापलेली कड गोंद शोषून घेते, म्हणून पहिला हात सुकल्यावर दुसरा द्यावा. बोट लावल्यावर गोंद बोटाला येत नाही अशी अवस्था आली की मगच कडा जोडाव्यात. कोरड्या हवेत याला ५ ते १० मिनिटे लागतात, पावसाळ्यात कोकणपट्टीत बराच जास्त वेळ लागतो, आणि बहुतेक सांधे उघडण्याचे कारण याच टप्प्यावरची घाई असते. हा गोंद स्पर्श होताच पकडतो व तुकडा सरकवायला वाव देत नाही. म्हणून आधी दोन्ही टोके जुळवावीत, मग मधली खूण, आणि मग उरलेली कड चिमटीने बंद करत जावे. सांध्याच्या आतून कापडी टेप किंवा मांजरपाटाची पट्टी चिकटवली तर कवचाचे आयुष्य वाढते. बाहेरची फट उरली असेल तर खिडक्यांच्या कडा भरण्यासाठी वापरतात ते ॲक्रिलिक भरण बोटाने दाबून, ओल्या कापडाने पुसून घ्यावे. सिलिकॉनचे भरण घेऊ नये, त्यावर रंग टिकत नाही.

शिरस्त्राण

संपूर्ण संचात सर्वांत अवघड आणि सर्वांत समाधान देणारा भाग हाच आहे. डोक्यावर केस झाकणारी प्लास्टिकची टोपी घालून तिच्यावर टेपचा साचा उतरवावा. तो भुवयांच्या वरच संपला पाहिजे. तोंड आणि नाक यांवर प्लास्टिकची फिल्म किंवा टेप कोणत्याही कारणाने लावू नये. गालांचे भाग पुठ्ठ्याचे तुकडे चेहऱ्यापासून दूर धरून स्वतंत्रपणे बेतावेत.

आता मघाचा हिशेब येथे लावावा. समजा डोक्याचा घेर ५७ सेंमी आहे. आत १ सेंमी जाडीचे मऊ अस्तर घ्यायचे, तर घेरात सुमारे ६ सेंमी वाढ होते आणि फोमच्या जाडीपोटी आणखी २ सेंमी लागतात. म्हणजे पट्टी ६५ सेंमीची कापावी लागते. डोक्यावरून उतरवलेला साचा त्याच प्रमाणात, म्हणजे मूळ मापाच्या साधारण ११४ टक्के करून घ्यावा. झेरॉक्सच्या दुकानात हे काम सहज होते. घुमटाचे चार किंवा सहा सारखे तुकडे करून माथ्यावर एकत्र आणावेत. तुकडे जितके जास्त तितकी गोलाई सुबक, पण सांधे बुजवण्याचे कामही तितकेच वाढते. सहा तुकडे हा माझ्या मते योग्य मेळ आहे.

डोळ्यांची फट बाहेरून अरुंद दिसावी पण आतून रुंद असावी, म्हणून तिच्या कडा आतल्या बाजूने तिरप्या तासाव्यात. डोळे लपवायचे असतील तर फटीमागे काळी विरळ जाळी लावावी. उजेडात बाहेरच्याला आतले दिसत नाही आणि आतल्याला बाहेरचे पुष्कळ दिसते. मात्र काळोखात तीच जाळी दृष्टी फार कमी करते, त्यामुळे रात्रीच्या हॅलोविनसाठी ती काढता येईल अशी बसवावी. नाकासमोर आणि मानेमागे हवेसाठी छिद्रे ठेवावीत, आणि ती नक्षीचाच भाग वाटतील अशी रांगेत पाडावीत.

शिंगांसाठी मी फोमपेक्षा खळीत भिजवलेला कागद पसंत करतो. गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्रीचे नरकासुर आणि जव्हार-मोखाड्याकडचे बोहाड्याचे मुखवटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना कागदातून किती जिवंत आणि उग्र रूप उभे राहते हे सांगावे लागत नाही. जाड तारेला हवे ते वळण देऊन तिच्याभोवती वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद बुडाशी जाड आणि टोकाशी निमुळते असे दोऱ्याने आवळावेत. मग हाताने फाडलेल्या कागदाच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत भिजवून चार थर द्यावेत, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर पुढचा. कात्रीने कापलेल्या पट्ट्यांच्या कडा उठून दिसतात, फाडलेल्यांच्या मिसळून जातात. कीड लागू नये म्हणून पुस्तके बांधणारे कारागीर खळीत मोरचूद घालतात, पण तो विषारी असल्याने चेहऱ्याजवळ येणाऱ्या वस्तूत वापरू नये. शेवटच्या दोन थरांना खळीऐवजी पाणी घातलेला पांढरा फेव्हिकॉल वापरला की काम होते. शिंगाच्या आतली तार बुडाशी गोल वळवून शिरस्त्राणाच्या आत फोमच्या दोन तुकड्यांमध्ये चिकटवावी, नाहीतर शिंगाचा भार एकाच सांध्यावर येतो. शिंगाच्या गाभ्यासाठी थर्माकोल घेतला तर त्यावर रबरी गोंद किंवा स्प्रे रंग थेट लावू नये, कारण त्यांतल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो.

तलवार

तलवारीसाठी विजेच्या वायरिंगची, २० मिमीपेक्षा बारीक पीव्हीसी नळी गाभा म्हणून घ्यावी. १० मिमी फोमचे पात्याच्या आकाराचे दोन तुकडे कापून, दोघांच्या आतल्या बाजूने नळीसाठी खोबण काढावी आणि नळी मध्ये ठेवून ते चिकटवावेत. नळी टोकापासून निदान १० सेंमी अलीकडे थांबवावी, म्हणजे टोक मऊ राहते. मग कडा तासून पॉलिश पेपरने घासाव्यात. मेळाव्यांच्या प्रवेशद्वारावर वस्तू तपासल्या जातात आणि धातूची किंवा धारदार शस्त्रे सहसा आत नेऊ देत नाहीत, म्हणून तिकीट काढतानाच आयोजकांचे नियम वाचून घ्यावेत. मेट्रोत किंवा लोकलमध्ये तलवार उघडी नेऊ नये. ती कापडी पिशवीत गुंडाळून न्यावी.

रंग

फोमवर थेट रंग दिला तर तो शोषला जातो आणि वळणावर तडकतो. म्हणून आधी पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये तेवढेच पाणी मिसळून त्याचे चार-पाच पातळ हात द्यावेत. त्यावर पूर्ण काळा ॲक्रिलिक रंग. काळा वाळला की चंदेरी किंवा गडद लोखंडी रंगात जाड ब्रश बुडवून तो कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा आणि फक्त कडांवर व उंचवट्यांवर हलकेच फिरवावा. खऱ्या धातूचा रंग जेथे घासला जातो तेथेच चमकतो, त्यामुळे सगळीकडे चंदेरी फासलेले चिलखत खेळण्यासारखे दिसते. खाचांमध्ये पाणी घातलेला तपकिरी-काळा रंग सोडून वरचा लगेच पुसावा. नंतर दहा पावले मागे जाऊन पाहावे. लोक हे चिलखत साधारण तेवढ्याच अंतरावरून पाहणार असतात. शेवटी पारदर्शक ॲक्रिलिक वॉर्निशचा एक हात द्यावा.

पट्टे, आणि घालून चालणे

छाती आणि पाठ हे दोन स्वतंत्र भाग खांद्यावर व बरगड्यांच्या बाजूला जोडायचे असतात. बॅगेला असते तशी प्लास्टिकची क्लिप आणि नायलॉनची पट्टी बाजूंना लावावी, खांद्यावर रुंद इलॅस्टिक. वेल्क्रोच्या मागे असलेला तयार गोंद फोमवर टिकत नाही. वेल्क्रो पट्टीवर शिवून ती पट्टी रबरी गोंदाने चिकटवावी. खांद्याचे भाग दंडाला नव्हे तर छातीच्या कवचाला लटकवावेत आणि दंडाला फक्त सैल इलॅस्टिकने धरावेत, म्हणजे हात वर नेता येतो. ज्या क्लिपा लावणाऱ्याच्या स्वतःच्या हाताला पोहोचत नाहीत त्या चुकीच्या जागी आहेत, कारण शौचालयात जाण्यासाठी किंवा चक्कर आल्यास कवच एकट्याने उतरवता आले पाहिजे.

ईव्हीए फोममधून हवा खेळत नाही. मुंबईच्या दमट हवेत आत सुती बनियन घालावे, दर तासाला शिरस्त्राण काढून पाणी प्यावे आणि सोबत एक माणूस असावा. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलांना घेऊन दारोदार फिरणाऱ्या मराठी कुटुंबांची अडचण नेमकी उलट असते: तेथे थंडी असते, म्हणून मुलाचा साचा स्वेटरवरूनच उतरवावा, नाहीतर महिनाभर खपून केलेले कवच जाकिटाखाली झाकले जाते. लहान मुलांना बंद शिरस्त्राण देऊ नये; कपाळापर्यंत येणारा मुकुट आणि चेहऱ्यावर रंग पुरेसा होतो, आणि पाठीवर व बुटांवर अंधारात चमकणारी परावर्तक टेप लावावी. भोपळ्यात पेटती मेणबत्ती ठेवली असेल तर तिच्यापासून दूर राहावे, कारण हा फोम जळतो आणि वितळून अंगाला चिकटतो. हॅलोविन दिवाळीच्या आसपास येते, २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. अशा वर्षी पणत्या आणि फटाके यांच्या जवळ हे चिलखत घालून अजिबात जाऊ नये.

कार्यक्रमाला जाताना सुपरग्लूची छोटी बाटली, कापडी टेप, सेफ्टी पिना, थोडा काळा रंग आणि एक जादा क्लिप जवळ ठेवावी. सुपरग्लू सेकंदात पकडतो पण कडक होऊन तडकतो, म्हणून घरी आल्यावर तो सांधा साफ करून रबरी गोंदाने पुन्हा जोडावा. कवच आतून ओल्या कापडाने पुसून पंख्याखाली वाळवावे. ते माळ्यावर ठेवताना आत वर्तमानपत्रांचे गोळे भरावेत, एकावर एक जड वस्तू ठेवू नयेत आणि शिंगे असलेले शिरस्त्राण कापडी पिशवीत घालून खिळ्याला टांगावे.